संगणकाला यूपीएस दिसावा म्हणून

बऱ्याच यूपीएसच्या खोक्यात एक केबल असते. एक टोक चौकोनी, दुसरे चपटे, प्रिंटरची असते तशीच. बहुतेक ठिकाणी ती प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा येत नाही. यूपीएस बसवायला आलेला माणूस मागच्या सॉकेटांत सीपीयू आणि मॉनिटरची वायर खोचतो, भिंतीवरचे बटण बंद करून संगणक चालू राहिल्याचे दाखवतो, बिल देतो आणि निघतो. त्या केबलचे काय करायचे, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. हे पुस्तक त्या केबलबद्दल आहे.

यूपीएस आपल्याला दोन गोष्टी देतो. काही मिनिटांची वीज, आणि त्या मिनिटांची बातमी: लाइन गेली, बॅटरीवर आलो, भार एवढा आहे, बॅटरी संपत आली. विजेची मिनिटे आपण वापरतो. बातमी मात्र यूपीएसच्या आतच राहते, फार तर बीप-बीप आवाजातून खोलीत फिरते. संगणकासमोर कोणी बसलेले असेल तर तेवढे पुरते. तो फाइल जतन करतो, टॅली बंद करतो, संगणक शट डाउन करतो. पण रात्री दोन वाजता नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाच्या शटरआड चालू राहिलेला संगणक, धंतोलीतल्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर, अपार्टमेंटच्या मीटरखोलीतला सीसीटीव्हीचा रेकॉर्डर यांच्यासमोर कोणी नसते. बॅटरी दहा-बारा मिनिटे टिकते आणि मग संगणकाची वीज एका क्षणात तुटते. यूपीएस नसता तर जे झाले असते तेच दहा-बारा मिनिटांनी होते. डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहतो, हार्ड डिस्कवरची फाइल-व्यवस्था विस्कटते. सकाळी मालक म्हणतो, ‘यूपीएस तर होता!’

यूपीएस होता, पण संगणकाला तो माहीत नव्हता. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. बॅटरी वीज साठवते. वीज संपण्याआधी संगणकाने नीट आवरून घ्यावे यासाठी त्या दोघांची ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख खरी आहे की नाही हे प्लग उपटून तपासावे लागते.

हा विषय जगभर सारखाच असला तरी नागपुरात बसून तो लिहिण्याला कारण आहे. हे वीज तयार करणाऱ्या प्रदेशाचे शहर आहे. कोराडीचे औष्णिक केंद्र शहराला लागून आहे, त्यात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. शेजारी खापरखेडा, पूर्वेला मौदा, दक्षिणेला चंद्रपूर. तरीही इथल्या माणसाला भारनियमन पाठ आहे. राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले. त्या सुमाराची वर्षे ही राज्यातल्या विजेच्या तुटवड्याची वर्षे होती. महावितरणने गळती आणि वसुली यांच्या हिशेबाने भागांचे ए ते जी असे गट पाडले होते आणि गटाप्रमाणे वीज जाण्याचे तास ठरत. त्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. एमएस-सीआयटीच्या वर्गांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि सीएंच्या कार्यालयांत यूपीएसही तेव्हाच आले.

भारनियमनाला निदान वेळापत्रक होते. वीज कधी जाणार हे ठाऊक असल्याने माणूस पाच मिनिटे आधी संगणक बंद करून ठेवी. आज ठरवून वीज जाण्याचे प्रसंग शहरात कमी झाले आहेत. आता ती जाते ती न सांगता, आणि बऱ्याचदा थोड्या वेळासाठी. मे महिन्याच्या संध्याकाळी धुळीचे वादळ उठते, कडुलिंबाची फांदी तारांवर पडते, आठ-दहा मिनिटे अंधार होतो आणि वीज परत येते. पुन्हा जाते. मोठ्या यंत्रणाही अभेद्य नाहीत. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तेव्हा आपण बचावलो, पण १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज न जाण्याबद्दल ख्याती असलेली मुंबईच बंद पडली. वेळापत्रक नसलेल्या, छोट्या आणि वारंवार येणाऱ्या खंडांत माणसाची सावधगिरी उपयोगी पडत नाही. तिथे पहारा सॉफ्टवेअरनेच द्यायला हवा.

दुसरे कारण ऊन. नागपूरच्या वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद केली होती. यूपीएसमधली बंद शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांवर तीन ते पाच वर्षे चालेल अशा हिशेबाने बनवलेली असते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, हा बॅटरीच्या धंद्यातला सर्वमान्य आडाखा आहे. कूलर नसलेल्या मागच्या खोलीत, टेबलाखाली, भिंतीला चिकटवून ठेवलेला यूपीएस दोन उन्हाळ्यांत थकतो. बाहेरून काहीच कळत नाही. हिरवा दिवा लागलेला असतो. वीज जाते तेव्हा बारा मिनिटांच्या जागी चाळीस सेकंद मिळतात. यूपीएसची रोजची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर असेल आणि महिन्यातून एकदा बॅटरीची चाचणी होत असेल, तर ही घसरण आधी दिसते. विदर्भात पाळत ठेवण्याचे मोल पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे असे मी म्हणतो ते यामुळे.

आता या क्षेत्राचा थोडा इतिहास, कारण आजच्या अडचणींची मुळे त्यात आहेत.

यूपीएस आणि संगणक यांचे पहिले बोलणे शब्दांविना झाले. यूपीएसच्या आत एक रिले असे. वीज गेली की एक संपर्क जुळे, बॅटरी संपत आली की दुसरा. हे संपर्क नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवर आणले जात. जुन्या युनिक्समध्ये आणि सुरुवातीच्या लिनक्समध्ये वीज गेल्याचा संकेत मिळाला की काय करायचे, याची एक ओळ यंत्रणेच्या मुख्य फाइलीतच लिहून ठेवता येई. होय किंवा नाही, एवढेच त्या भाषेत सांगता येत असे.

मग यूपीएसमध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि आकडे सांगण्याची सोय झाली. एपीसी कंपनीने स्वतःची अक्षरांची भाषा बनवली: संगणकाने एक अक्षर पाठवायचे, यूपीएसने एक माहिती द्यायची. तैवानकडून मेगाटेक नावाने ओळखली जाणारी आणखी सोपी भाषा आली. सेकंदाला २४०० बिटांच्या संथ वेगाने ‘क्यू१’ असे विचारायचे. उत्तरात एकाच ओळीत आठ रकाने मिळतात: आत येणारा व्होल्टेज, वीज बिघडली तेव्हाचा व्होल्टेज, बाहेर जाणारा व्होल्टेज, भाराची टक्केवारी, वारंवारता, बॅटरीचा व्होल्टेज, तापमान, आणि शेवटी शून्य-एकच्या आठ खुणा. त्यातली पहिली खूण एक झाली की वीज गेली, दुसरी झाली की बॅटरी संपत आली. ही भाषा इतकी साधी आणि स्वस्त होती की असंख्य कंपन्यांनी ती उचलली. आज बाजारातल्या कितीतरी साध्या यूपीएसच्या पोटात यूएसबी सॉकेटच्या मागे तीच बोलली जाते.

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. ते घडवणाऱ्यांत बडोद्यात शिकलेले इंटेलचे अजय भट्ट होते. माऊस आणि कीबोर्ड यांच्यासाठी यूएसबीत ‘एचआयडी’ नावाचा वर्ग आहे. त्यात जोडलेले यंत्र आपले वर्णन स्वतःच संगणकाला सादर करते. नोव्हेंबर १९९७ मध्ये याच वर्गाला वीजयंत्रे आणि बॅटऱ्या यांची शब्दसूची जोडली गेली. उरलेली क्षमता, उरलेला वेळ, वीज आहे की नाही, यूपीएस किती सेकंदांनी बंद करायचा, अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेला क्रमांक मिळाला. प्रत्येक उत्पादकाने हे मानक पाळले असते तर या पुस्तकाची निम्मी पाने लागली नसती. काहींनी ते पाळले, काहींनी अर्धे पाळले, आणि बऱ्याच स्वस्त यंत्रांनी जुन्या सिरियल बोलण्यावर यूएसबीचा मुलामा दिला.

सॉफ्टवेअरच्या बाजूने या प्रश्नाला चार प्रकारची उत्तरे मिळाली. पहिले उत्पादकांचे: यूपीएससोबत येणारा त्यांचा स्वतःचा प्रोग्राम. तो बसवायला सोपा असतो आणि एकाच कंपनीच्या यंत्रांपुरता चालतो. दुसरे ऑपरेटिंग सिस्टिमचे: मानक पाळणारा यूपीएस जोडला की विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखा मानते आणि कोपऱ्यात बॅटरीचे चिन्ह दाखवते, मॅकवरही असेच होते. एकट्या संगणकाला हे पुष्कळदा पुरते. तिसरे मोठ्या डेटा सेंटरांचे: यूपीएसमध्येच नेटवर्क कार्ड आणि त्याची माहिती एसएनएमपी या नेटवर्कवरच्या देखरेखीच्या भाषेतून, त्यासाठीचे मानक मे १९९४ पासून आहे. नागपूरच्या मिहानमधल्या मोठ्या कंपन्या या वाटेने जातात. त्यांच्याकडे त्यासाठी माणसेही आहेत, म्हणून मी त्यांच्याबद्दल फार लिहिलेले नाही.

चौथे उत्तर मुक्त सॉफ्टवेअरचे, आणि या पुस्तकाचा जीव त्यात आहे. लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेवर काम केलेल्या आंद्रे हेड्रिक यांनी सुरू केलेला ‘एपीसीयूपीएसडी’ हा केवळ एपीसीच्या यंत्रांसाठीचा, आटोपशीर आणि भरवशाचा प्रोग्राम. त्याची ३.१४.१४ ही आवृत्ती २०१६ ची असून आजही अनेक सर्व्हरांवर चालते आहे. दुसरा ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’. रसेल क्रोल यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो लिहायला घेतला तेव्हा तोही एपीसीपुरताच होता; पुढे त्याने कोणत्याही कंपनीचा यूपीएस चालला पाहिजे असा विस्तार घेतला. २००५ च्या सुमारास सूत्रे आर्नो केत यांच्याकडे गेली. ते स्वतः एका यूपीएस कंपनीत कामाला होते, त्यामुळे कुलूपबंद माहितीचा काही भाग उघड झाला. २०१६ च्या २.७.४ नंतर सहा वर्षे नवी आवृत्ती निघाली नाही, आणि मग २०२२ मध्ये जिम क्लिमोव्ह यांच्या पुढाकाराने २.८.० आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याची संवादभाषा आरएफसी ९२७१ म्हणून प्रसिद्ध झाली. नेटवर्कवरून फाइली साठवणाऱ्या घरगुती नॅस-पेट्या बनवणाऱ्या अनेक कंपन्या आतून हेच सॉफ्टवेअर वापरतात.

नेटवर्क यूपीएस टूल्सची रचना तीन थरांची आहे. तळाशी ड्रायव्हर: तो यूपीएसशी त्याच्या भाषेत बोलतो. मध्ये सर्व्हर: सगळ्या ड्रायव्हरांची माहिती एका रूपात आणून ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारणाऱ्याला देतो. वर पहारेकरी: माहितीवर लक्ष ठेवून संगणक कधी बंद करायचा ते ठरवतो. एका यूपीएसवर चार संगणक असले तरी यूएसबी केबल एकालाच लागते. बाकीचे तिघे नेटवर्कवरून त्यालाच विचारतात. छोट्या कार्यालयासाठी हे फार मोलाचे आहे आणि उत्पादकांच्या फुकट प्रोग्रामांत सहसा मिळत नाही.

सगळ्यात जास्त माणसे अडकतात ती ओळखीच्या टप्प्यावर, म्हणून पुस्तकानेही सगळ्यात जास्त जागा त्यालाच दिली आहे. यूएसबीला जोडलेले प्रत्येक यंत्र दोन क्रमांक सांगते: बनवणाऱ्याचा आणि नमुन्याचा. एपीसीचा ०५१डी, सायबरपॉवरचा ०७६४, ईटनचा ०४६३. हे दिसले की ड्रायव्हर निवडणे सोपे. पण सीताबर्डीवरून आणलेला एखादा यूपीएस जोडला की ०६६५:५१६१ असा क्रमांक दिसतो. तो यूपीएसच्या कंपनीचा नसतोच. यूएसबीचे बोलणे सिरियलमध्ये बदलणाऱ्या चिपचा असतो, आणि तीच चिप जगभरच्या अनेक नावांच्या यूपीएसमध्ये बसलेली आहे. गाडीवर एमएच-३१ असले की ती नागपूरच्या आरटीओकडे नोंदलेली आहे एवढे कळते, आत कोण बसले आहे ते कळत नाही, तसेच हे. आत मेगाटेकची कोणती बोली आहे हे एकेक प्रश्न विचारून शोधावे लागते. काही यंत्रे तर याहून विचित्र वागतात. आपले नाव सांगण्यासाठी यूएसबीत जी अक्षरमाला असते, तिच्या तिसऱ्या क्रमांकाच्या जागी ती चालू स्थितीची ओळ देतात. हे ज्याला माहीत नाही त्याला असे यंत्र बिघडलेले वाटते.

सॉफ्टवेअरमध्ये यूपीएस शोधून काढणारे एक साधन आहे. ते चालवले की ओळखीच्या क्रमांकांशी जुळवून ड्रायव्हर सुचवला जातो. ही सूचना म्हणजे अंदाज, हे लक्षात ठेवून पुढे जावे. ड्रायव्हर बरोबर निवडूनही संपर्क होत नसेल तर पहिला संशय परवानगीवर घ्यावा. लिनक्समध्ये यूएसबी यंत्राची मालकी रूटकडे असते आणि हा ड्रायव्हर मुद्दाम कमी अधिकाराच्या खात्यावर चालतो. त्या खात्याला यंत्र उघडता यावे यासाठी एक नियमफाइल असते; ती बसवल्यानंतर केबल काढून पुन्हा लावली नाही, तर नियम लागू झालेला नसतो. एवढ्या लहान गोष्टीवर माणसांच्या संध्याकाळी गेल्या आहेत. दुसरा संशय भाऊबंदकीचा. डेस्कटॉपची बॅटरी दाखवणारी सेवा, उत्पादकाचा प्रोग्राम आणि आपला ड्रायव्हर असे तिघे एकाच यंत्रावर हक्क सांगत असतील, तर पहिला पोहोचतो त्याचे चालते. एका यूपीएसला एकच विचारणारा ठेवावा.

एकाच बनावटीचे दोन यूपीएस एका सर्व्हरला जोडले तर आणखी एक पेच पडतो. अनुक्रमांक सांगणाऱ्या यंत्रांना त्यावरून वेगळे करता येते. स्वस्त यंत्रे बहुधा अनुक्रमांक सांगत नाहीत. मग कोणता यूपीएस कोणत्या यूएसबी पोर्टला हे ठरवून, लेबल चिकटवून, कायम तसेच ठेवण्याला पर्याय उरत नाही. आणि हे सगळे करण्याआधी यूपीएसच्या मागे पाहावे. साध्या ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसना माहितीचे सॉकेटच नसते. खरेदीच्या वेळी वॉट आणि बॅकअपचा वेळ विचारतो, तसाच हाही प्रश्न दुकानदाराला विचारायला हवा. शंभरातल्या नव्वदांनी तो विचारला तर असे यूपीएस दुकानात येणे आपोआप कमी होईल, अशी मला आशा आहे.

ओळख पटली की आकडे वाहू लागतात आणि त्यांच्यावर लगेच विश्वास बसतो. इथे सावध राहायला हवे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. देशभर बातमी झाली, आणि हवामान खात्याला सेन्सरमध्ये बिघाड असल्याचे सांगावे लागले. यूपीएसचे सेन्सर उलट्या दिशेने चुकतात. कित्येक स्वस्त यंत्रे तापमानाच्या रकान्यात बारा महिने २५.० लिहितात, मग खोलीत कूलर असो वा नसो. बॅटरीची टक्केवारीही अनेकदा यंत्र मोजत नाही; सॉफ्टवेअर बॅटरीच्या व्होल्टेजवरून ती अंदाजाने काढते, आणि त्या अंदाजाला वरची-खालची मर्यादा आपणच द्यायची असते. काही ऑनलाइन यूपीएस पूर्ण बॅटरीऐवजी एकेका सेलचा व्होल्टेज सांगतात. १३.५ च्या जागी २.२५ दिसला म्हणजे बॅटरी मेली असे नव्हे.

खरे आकडेही असतात, आणि ते वाचण्यात आनंद आहे. आत येणाऱ्या व्होल्टेजची महिनाभराची नोंद काढली की मेच्या दुपारी वस्तीतले कूलर आणि एसी एकदम सुरू झाल्यावर २३० व्होल्टचे काय होते ते रेषेत उतरते. वारंवारतेचा आकडा तर सगळ्या देशाचा आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचे ग्रिड बाकीच्या देशाशी जोडले, तेव्हापासून नागपुरातल्या टेबलाखालचा यूपीएस जो ४९.९ किंवा ५०.० दाखवतो तोच दिल्लीत आणि मदुराईत असतो. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात तो राहावा म्हणून अंबाझरीच्या भारप्रेषण केंद्रापासून दिल्लीपर्यंत माणसे रात्रंदिवस बसलेली असतात. हाच आकडा अचानक ४८ किंवा ५२ झाला, तर तुमचा यूपीएस जनरेटरवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर आला आहे. इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीला बरेच यूपीएस वीज मानत नाहीत आणि बॅटरीवरच राहतात. नागपुरात इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस लावण्याची पद्धत सर्रास असल्याने हे नोंदीत ओळखता यायला हवे.

उरते ते मुख्य काम, वेळेवर बंद करण्याचे. ते वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. वीज जाते, पहारेकरी थांबून पाहतो. बॅटरी संपत आल्याची खूण येते, किंवा आपण ठरवलेली मिनिटे भरतात. तो नेटवर्कवरच्या दुय्यम संगणकांना बंद व्हायला सांगतो, ते निघून जाण्याची वाट पाहतो आणि मग स्वतःचा संगणक बंद करायला घेतो. इथवर सगळ्यांना सुचते. पण समजा, संगणक बंद झाला आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत आली. संगणकाच्या दृष्टीने वीज कधी तुटलीच नाही. ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ ही बायोसमधली सूचना कामाला येत नाही, कारण ती वीज तुटण्याची वाट पाहत असते. सर्व्हर सकाळपर्यंत बंद राहतो. आठ-दहा मिनिटांचे खंड जिथे नेहमीचे, तिथे हा प्रसंग नेहमीचा.

त्यावर उपाय असा की संगणकाने बंद होताना अगदी शेवटच्या क्षणी यूपीएसलाच आज्ञा द्यायची: वीस सेकंदांनी तुझे आउटपुट तोड, आणि वीज आली की काही सेकंद थांबून पुन्हा दे. म्हणजे मधल्या काळात वीज आली तरी आउटपुट एकदा तुटते, आणि संगणक आपोआप उठतो. ही आज्ञा सगळे यूपीएस पाळत नाहीत. काही तोडतात पण परत देत नाहीत. आपला कोणता, हे कागदावरून कळत नाही. ते कळण्यासाठी रविवारी दुपारी कार्यालय बंद असताना यूपीएसवर सर्व्हरऐवजी साठ वॅटचा बल्ब लावावा, संगणक भिंतीतल्या सॉकेटवर ठेवावा, आणि यूपीएसचा प्लग काढून सगळा प्रकार डोळ्यांनी पाहावा. बल्ब विझला का, आणि प्लग लावल्यावर पेटला का. जिथे ही चाचणी झालेली नाही तिथली मांडणी मी पूर्ण झालेली मानत नाही, मग पडद्यावर कितीही आकडे हलत असोत.

हे आज लिहायचे कारण म्हणजे कामाची जागा बदलली आहे. पूर्वी ज्या नोंदी वहीत होत्या त्या आता गल्लीतल्या छोट्या संगणकावर आहेत: आपले सरकार सेवा केंद्रातले अर्ज, लॅबचे अहवाल, वकिलांच्या ई-फायलिंगच्या फाइली, सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण. मोठ्या यंत्रणांना डेटा सेंटर आहे. या छोट्या जागांना एक यूपीएस, एक संगणक आणि फोन केल्यावर येणारा एक तंत्रज्ञ आहे. दुसरीकडे, माफक किमतीचा छोटा संगणक रास्पबेरी पाय आता यूएसबी केबलच्या टोकाला बसून चोवीस तास पहारा देऊ शकतो, आणि त्याला लागणारे सॉफ्टवेअर फुकट आहे. साधने आली आहेत. त्यांची माहिती मराठीत सलगपणे कुठे मांडलेली नव्हती.

हे पुस्तक त्या फोन केल्यावर येणाऱ्या तंत्रज्ञासाठी आणि स्वतः हात घालू पाहणाऱ्या मालकासाठी आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या, लिनक्सची आज्ञा टाइप करायला न घाबरणाऱ्या वाचकाला समोर ठेवून ते लिहिले आहे. आज्ञांची यादी देऊन थांबण्याऐवजी प्रत्येक ठिकाणी यंत्र असे का वागते ते सांगण्याचा प्रयत्न केला आहे, कारण पुढच्या वर्षी बाजारात येणारा यूपीएस या पुस्तकात नसेल आणि तेव्हा कारणच कामाला येईल. अनोळखी यंत्रापासून सुरुवात करून त्याची भाषा कशी शोधावी यावर भर आहे. नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रे थोडक्यात आटोपली आहेत, कारण ती थोडक्यातच जमतात. तीन फेजचे मोठे यूपीएस, डेटा सेंटरची व्यवस्था आणि घरगुती सौर इन्व्हर्टर इथे घेतलेले नाहीत. लिथियम बॅटरीच्या यूपीएसबद्दल जुजबी लिहिले आहे. त्यांच्या व्होल्टेजवरून उरलेली क्षमता काढण्याची रीत निराळी आहे आणि तिच्यासाठी वेगळे पुस्तक हवे.

सुरक्षेबद्दल एक सूचना आधीच देऊन ठेवतो. ३४९३ चे पोर्ट कार्यालयाबाहेर उघडे टाकू नये. त्या वाटेने येणाऱ्याला पासवर्ड मिळाला तर तो तुमचा सर्व्हर बंद करू शकतो, आणि पासवर्ड वेगळी तजवीज केल्याशिवाय साध्या अक्षरांत जातो.

पुस्तकातल्या मांडण्या नेटवर्क यूपीएस टूल्सच्या २.८ मालिकेला धरून आहेत. या मालिकेत मुख्य आणि दुय्यम संगणकांसाठीचे जुने शब्द बदलून ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ करण्यात आले. २.७.४ वर चालणाऱ्या जुन्या सर्व्हरवर काम करताना तिथे जुनेच शब्द लिहावे लागतील. नवे लिहिले तर पहारेकरी ओळ समजून घेणार नाही. कोणतीही फाइल बदलण्याआधी सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे ते पाहून घ्यावे, आणि मूळ फाइलीची एक प्रत बाजूला ठेवावी.